विहिरीपासून काचपेटीपर्यंत : सातारा-सांगलीत माशांच्या परजीवींवरील उपायांचा इतिहास

माशांच्या खवल्यांवर, कल्ल्यांत आणि आतड्यांत राहणारे परजीवी प्रत्येक नैसर्गिक पाणवठ्यात असतात. वाहत्या नदीत ते सहसा माशाच्या जिवावर उठत नाहीत. पाणी मोकळे असते, मासे विखुरलेले असतात आणि परजीवींच्या पिल्लांपैकी बहुतेकांना आश्रय देणारा मासा वेळेत भेटत नाही. पाणी अडवले आणि थोड्या जागेत मासे दाटले की हाच समतोल बिघडतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पाणी अडवण्याच्या चार रीती एकामागून एक आल्या : पायऱ्यांची विहीर, सिंचनाचा तलाव व धरण, घरातली काचपेटी आणि अलीकडचे शेततळे. प्रत्येक रीतीबरोबर परजीवींचा प्रश्न नव्या रूपात आला. त्यावरची औषधे बहुतेक दुसऱ्याच कामासाठी तयार झालेली होती. ती स्वयंपाकघरातून, सार्वजनिक आरोग्य खात्यातून, रंगाच्या कारखान्यातून, द्राक्षबागेतून आणि मेंढ्यांच्या वाड्यातून माशांपर्यंत पोहोचली. औषधे बदलत गेली, पण परजीवीचे जीवनचक्र मध्येच तोडण्याचा उपाय प्रत्येक टप्प्यावर कामी आला.

नदी आणि विहीर

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाईवरून कराडला येते, तिथे तिला कोयना मिळते आणि पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा. १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले; त्यामुळे त्यापूर्वीचा या खोऱ्याचा बराचसा इतिहास साताऱ्याच्याच नावावर आहे. दख्खनच्या नद्यांतील माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने केली. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून तो १८२०च्या दशकात दख्खनभर फिरला आणि १८३०च्या दशकाच्या अखेरीस त्याचा दख्खनच्या माशांवरील निबंध पुढे आला. त्याचा भर माशांची ओळख आणि वर्गीकरण यांवर होता. मासे धरणाऱ्या भोई-कोळ्यांनाही माशाच्या अंगावरचा किडा हा काढून टाकण्यापुरताच विषय होता, कारण पकडलेला मासा पाळायचा नव्हता.

मासा पाण्यात मुद्दाम ठेवण्याची रीत विहिरींपाशी दिसते. विहिरीत मासे आणि कासव सोडण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. पाण्यातली घाण व किडे ते खातात, ही त्यामागची समजूत. सातारा तालुक्यातील लिंब येथील बारा मोटेची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाच्या या विहिरीत पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरता येते. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात अशा पायऱ्यांच्या विहिरी गावोगाव होत्या. माणसाचे पाय थेट पाण्याला लागत असल्यामुळे पिण्याच्या अशा विहिरी नारू पसरवण्याची ठिकाणे ठरू शकत.

नारू हा माणसाचा परजीवी आहे. तरीही माशांच्या परजीवींच्या इतिहासात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे, कारण पाण्यातल्या परजीवीचे चक्र कसे तोडायचे याचा धडा त्याने दिला. सुमारे मीटरभर लांबीची मादी माणसाच्या पायातून डोके काढते आणि पाय पाण्यात बुडताच पिल्ले सोडते. ही पिल्ले सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलचर गिळतो आणि तसे पाणी प्यायलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे वर्षभराने नवा नारू तयार होतो. सायक्लॉप्सची ही भूमिका रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी फेदचेन्को याने १८७०मध्ये दाखवली. विहिरीतल्या माशांबद्दलच्या जुन्या समजुतीला प्रयोगाचा आधार मिळाला तो म्हैसूर संस्थानात. तेथे मूर्ती आणि स्वीट यांनी १९३०च्या दशकात पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स खाणारे लहान स्थानिक मासे सोडून नारू रोखण्याची पद्धत मांडली.

१९८३-८४मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांत होता. या रोगावर ना लस होती, ना कृमी मारणारे खात्रीचे औषध. पाणी गाळून पिणे, पायऱ्या बंद करून विहिरीला कठडा व रहाट बसवणे, हातपंप देणे, टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, एवढ्यावर मोहीम चालली. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

विहिरींमुळेच आणखी एक औषध गावागावांत पोहोचले. १८९०च्या दशकात आग्र्याचे रसायन परीक्षक अर्नेस्ट हॅन्किन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. पुढे ‘लाल औषध’ म्हणून ते घरोघरी माहीत झाले. पाण्यातल्या सेंद्रिय घाणीवर ते खर्च होते आणि गुलाबी पाणी तपकिरी पडते. म्हणून रंग टिकेपर्यंत औषध टाकायचे, अशी विहिरीची रीत होती. माशांच्या कल्ल्यांवरील सूक्ष्म परजीवींसाठी नंतर हेच औषध वापरात आले आणि रंग पाहून त्याचा जोर ओळखण्याची रीतही त्याच्याबरोबर आली.

तलाव आणि मत्स्यबीज

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळी पूर्व भागात मोठे तलाव झाले. येरळेवरील नेर आणि माण नदीवरील म्हसवडचा, म्हणजेच राजेवाडीचा तलाव हे त्यांतले ठळक. स्वातंत्र्यानंतर कोयना, धोम आणि वारणा ही धरणे आली. शेतीसाठी अडवलेल्या या पाण्यात रोहू, कटला आणि मृगळ वाढवण्याचे प्रयत्न सरकारने केले. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांचे बीज बंगालमध्ये नद्यांतून गोळा होई आणि रेल्वेने दूरवर जाई. नदीतून उचललेल्या बीजात हव्या त्या जातींबरोबर नको असलेले मासे आणि परजीवीही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प मासे बंदिस्त पाण्यात व्यायला लावले, त्यानंतर नदीच्या बीजावरील भिस्त कमी होत गेली. महाराष्ट्रातही सरकारी मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली. सातारा जिल्ह्यात धोमचे केंद्र त्यांपैकीच. मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली या वाढीच्या पायऱ्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात रुळल्या.

दाट साठवणीच्या तळ्यांत दोन कवचधारी परजीवींनी सर्वाधिक त्रास दिला. पहिला आरग्युलस, म्हणजे माशांची ऊ. चपट्या अंगाची आणि काही मिलिमीटर लांबीची ही ऊ दोन चूषकांनी माशाला चिकटते आणि नळीसारख्या काट्याने टोचून रक्तरस शोषते. दुसरा लर्निया, म्हणजे नांगरकृमी. तो सायक्लॉप्सचाच दूरचा नातलग. त्याची मादी डोक्याकडचा नांगरासारखा भाग माशाच्या मांसात रुतवते आणि बाहेर दोऱ्यासारखे शरीर लोंबत राहते. दोन्हींच्या जखमांतून जिवाणू व बुरशी शिरते आणि मासा बहुधा या दुसऱ्या संसर्गाने मरतो.

आरग्युलसची मादी अंडी घालण्यासाठी मासा सोडते आणि दगड, लाकूड अशा टणक पृष्ठभागावर ओळीने अंडी चिकटवते. तळ्यात बांबू किंवा फळ्या उभ्या करायच्या, काही दिवसांनी बाहेर काढून कडक उन्हात वाळवायच्या आणि पुन्हा लावायच्या, ही पद्धत या सवयीवरच बेतलेली आहे. उन्हाळ्यात तळे पूर्ण आटवून तळाला भेगा पडेपर्यंत तापवणे हा त्याहून ठोस उपाय. माण, खटाव, जत, आटपाडी भागांत छोटे तलाव उन्हाळ्यात आपोआप आटतात. पाण्याच्या टंचाईचा हा एकच फायदा मत्स्यपालकाला मिळतो. त्यानंतर हेक्टरी दोन-अडीचशे किलो चुना टाकतात. नको असलेले मासे मारण्यासाठी मीटरभर पाण्याच्या तळ्याला हेक्टरी दोन ते अडीच हजार किलो मोहाची पेंड वापरतात. तिच्यातल्या सॅपोनिनने मासे मरतात आणि पेंड पुढे खत बनते.

पाणपक्ष्यांमार्फत फिरणाऱ्या कृमींचे चक्र अधिक लांब असते : पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी, अंड्यांतून बाहेर पडलेली अळी गोगलगायीत, तिथून माशात आणि मासा खाल्ला की पुन्हा पक्ष्यात. खटाव तालुक्यातील मायणीसारख्या तलावांवर पक्षी येणारच, ते रोखता येत नाहीत. म्हणून अशा ठिकाणी मत्स्यपालकाच्या हाती उरते ती गोगलगाय कमी करणे ही एकच कडी. आतड्यातल्या पट्टकृमींचा अभ्यास राज्यात मुख्यतः मराठवाड्यात झाला. औरंगाबादचे जी. बी. शिंदे यांनी १९६८मध्ये मरळ कुळातील माशातून सर्कमऑन्कोबोथ्रियम हा पट्टकृमी वर्णिला. वाम माशात वारंवार आढळणाऱ्या सेंगा या पट्टकृमीची पहिली ओळख मात्र नदीत झाली नव्हती. रॉबर्ट डॉलफस यांनी १९३४मध्ये तो फ्रान्समधील व्हॅन्सेन येथील मत्स्यालयात ठेवलेल्या फायटर माशातून नोंदवला. मासे विक्रीसाठी देशोदेशी फिरू लागले की त्यांच्या पोटातले सोबती बरोबर जातात, याचा हा जुना दाखला.

काचपेटी

बंद पाण्यात वनस्पती आणि मासे यांचा तोल राखता येतो, हे रॉबर्ट वॉरिंग्टन याने लंडनमध्ये १८५०मध्ये दाखवले आणि १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. भारतात १९०९मध्ये मद्रासला आणि १९५१मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय झाले. मुंबईला सहलीला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांनी रंगीत मासे प्रथम तेथेच पाहिले. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे पाणी व बाकी प्राणवायू भरून मासे पाठवण्याची सोय झाल्यावर मुंबई, कोलकाता आणि चेन्नईचे मासे सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या दुकानांपर्यंत येऊ लागले.

एक पाळीव मासा मात्र त्याआधीच सरकारी वाटेने आला होता. डासांच्या अळ्या खाणारा गप्पी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात आणला गेला आणि गॅम्बुसिया १९२८मध्ये इटलीहून. हिवताप कार्यालये व आरोग्य केंद्रे आजही गप्पींची पैदास करून ते हौदांत, डबक्यांत आणि पडीक विहिरींत सोडतात. विहिरीत मासे सोडण्याची जुनी प्रथा अशा रीतीने आरोग्य खात्याचा कार्यक्रम झाली.

काचपेटीतला सर्वांत परिचित रोग म्हणजे पांढरे ठिपके. त्याला कारण इक्थियोफ्थिरियस हा एकपेशीय जीव. त्याचे वर्णन फ्रान्समध्ये फूके याने १८७६मध्ये केले. दिसणारा ठिपका हा त्वचेच्या आत वाढणारा परजीवी असतो आणि तिथे त्याला औषध लागत नाही. पूर्ण वाढला की तो सुटून तळाशी बसतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागून शेकडो पिल्ले तयार करतो. या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडते ते याच पोहणाऱ्या अवस्थेत. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते, थंड पाण्यात ते काही आठवडे रेंगाळते. ठिपके गेले म्हणून औषध थांबवले की चार-सहा दिवसांत दुसरी लाट येते, त्याचे कारण तळाशी बसलेली ही कवचे.

साताऱ्याच्या हिवाळ्यात हा रोग का उसळतो, तेही यातून कळते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बराच उतरतो आणि उष्ण कटिबंधातल्या माशांची प्रतिकारशक्ती पाण्याच्या तापमानातील चढउतारांनी खचते. त्यातच २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घ भारनियमन होते. हीटर आणि हवेचा पंप दोन्ही बंद पडत. तापमान ३० अंशांपर्यंत हळूहळू वाढवून चक्र लवकर उरकणे आणि त्याच वेळी औषध देणे हा पुस्तकी उपाय आहे. मात्र तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे पंप बंद असताना हा उपाय घातक ठरतो.

औषधांचे उगम

सर्वांत जुने औषध मीठ. लिटरला २० ते ३० ग्रॅम मिठाच्या पाण्यात काही मिनिटांची डुबकी दिली की बाहेरचे अनेक परजीवी गळून पडतात. लिटरला एक ते तीन ग्रॅमचे सौम्य पाणी जास्त दिवस ठेवता येते. मासा कलंडला तर डुबकी लगेच थांबवायची. बिनखवल्याच्या माशांना मीठ आणि तांबे दोन्ही कमी सोसतात.

निळे आणि हिरवे औषध कापडाच्या रंगातून आले. मेथिलिन ब्लू १८७६मध्ये जर्मनीत रंग म्हणून तयार झाले आणि १८९१मध्ये पॉल एर्लिश यांनी ते हिवतापावर वापरून पाहिले. मॅलाकाइट ग्रीन हाही मुळात रेशीम-लोकरीचा रंग. माशांवरील बुरशीसाठी तो १९३०च्या दशकात आला आणि पुढे पांढऱ्या ठिपक्यांवरचे मुख्य औषध बनला. तो शरीरात साठतो आणि आरोग्याला घातक आहे, म्हणून खाण्याच्या माशांसाठी त्याला मनाई आहे. शोभेच्या पेटीतले औषध तळ्यात चालत नाही, याचे हे ठळक उदाहरण.

मोरचूद सांगली जिल्ह्यात कोणाला नवे नाही. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण केवडा रोगावर फवारले जाते. मोरचुदातले तांबे माशांच्या एकपेशीय परजीवींना मारते, पण मात्रा पाण्यावर ठरते. सह्याद्रीच्या पायथ्याचे पाणी मृदू असते आणि मृदू पाण्यात तांबे माशालाच विषारी होते. जत-आटपाडीच्या बोअरच्या जड पाण्यात त्याचा जोर कमी पडतो. एकाच जिल्ह्यात एकच मात्रा एका गावी मारक आणि दुसऱ्या गावी निष्प्रभ ठरू शकते.

आरग्युलसवर शेतीतली कीटकनाशके आली. डायक्लोरव्हॉस हे त्यांतले सर्वांत प्रचलित होते. केंद्र सरकारच्या २०१८च्या आदेशानुसार २०२०च्या अखेरीस त्याचा वापर थांबला. ही द्रव्ये ऊ मारतात तशी माशांचे अन्न असलेले सूक्ष्म जलचरही मारतात. जंताची औषधे मेंढपाळीतून आली. दहिवडी आणि रांजणी येथे शासकीय मेंढी प्रक्षेत्रे आहेत. मेंढ्यांना जंतासाठी दिले जाणारे लेव्हामिसोल हे पेटीतल्या गप्पींच्या गुदद्वारातून लाल धाग्यासारख्या दिसणाऱ्या कॅमेलॅनस या गोलकृमीवर लागू पडते. १९७०च्या दशकात माणसांच्या व जनावरांच्या कृमींसाठी तयार झालेले प्राझिक्वांटेल कल्ल्यांवरील चपट्या कृमींवर आणि पट्टकृमींवर चालते.

हळद हा सांगलीचा स्वतःचा माल. हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत ती साठवली जाई. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तळ्यातील जखमी माशांसाठी चुना आणि हळद वापरण्याची पद्धत देशाच्या अनेक भागांत आहे. प्रयोगशाळेत हळदीतल्या कर्क्युमिनचा काही परजीवींवर परिणामही दिसला आहे. तरी नांगरकृमी चिमट्याने काढल्यावर उरणाऱ्या जखमेची निगा हेच हळदीचे खात्रीचे काम; रुतलेला कृमी तिने सुटत नाही.

प्रतिबंध

पेटीत परजीवी स्वतःहून उद्भवत नाही, त्याला काहीतरी घेऊन येते : नवा मासा, वनस्पती, जाळी, पाणी किंवा जिवंत खाद्य. म्हणून नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवणे हा पहिला नियम. पिशवीतले पाणी पेटीत ओतायचे नाही. वनस्पती आणल्या तर त्यावरची गोगलगाय व अंडी पाहायची. खाद्य म्हणून दिले जाणारे, गटारात वाढणारे ट्युबिफेक्स हे किडे स्वस्त असले, तरी ते काही परजीवींचे मधले आश्रयस्थान असतात. ट्राउट माशांच्या गिरकी रोगात ट्युबिफेक्सची ही भूमिका अमेरिकेत १९८०च्या दशकात सिद्ध झाली. प्रत्येक पेटीची जाळी वेगळी ठेवणे आणि वापरानंतर ती उन्हात वाळवणे, ही तळ्यातल्या बांबू-फळ्यांचीच घरगुती आवृत्ती.

दर आठवड्याला थोडे पाणी बदलून तळाची घाण ओढून काढली, तर पांढऱ्या ठिपक्यांची तळाशी बसलेली कवचेही काही प्रमाणात निघून जातात. नळाच्या पाण्यातले क्लोरिन काढून, तापमान जुळवून मगच पाणी घालायचे. माशांची संख्या कमी ठेवणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, कारण दाटी हीच परजीवीची सोय असते.

मेलेला प्रत्येक मासा परजीवीने मरत नाही. मार्च २०२३मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेत मोठ्या प्रमाणावर मासे मेले, ते नदीत मिसळलेल्या सांडपाण्यामुळे. घरातल्या पेटीतही सगळे मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन तोंड मारू लागले तर आधी प्राणवायू व अमोनिया तपासायचे. परजीवी असेल तर मासे अंग घासतात, पर मिटून बसतात, एकेक करून आजारी पडतात. निदानाशिवाय टाकलेले औषध पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू मारते आणि मूळ प्रश्न वाढवते.

२०१६ पासूनच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने पूर्व भागात तळ्यांची संख्या वाढली. प्लॅस्टिक अंथरलेल्या या तळ्यांतही मासे सोडले जातात आणि तेच पाणी डाळिंब-द्राक्षांना जाते. अशा तळ्यात टाकलेले औषध पिकातही उतरते, हे मात्रा ठरवताना ध्यानात घ्यावे लागते. दुसरीकडे २००५ आणि २०१९च्या महापुरांत कृष्णा-वारणेचे पाणी सांगलीच्या घरांत, तळ्यांत आणि शेतांत शिरले. अशा वेळी पाळीव मासे नदीत आणि नदीतले परजीवी तळ्यात जातात. कंटाळा आल्यावर पेटीतले मासे नदीत किंवा तलावात सोडण्याची सवय हेच काम पुराशिवाय करते. परदेशी मासा आणि त्याचा परजीवी असा दोन्हींचा प्रवेश रोखायचा असेल, तर ते मासे दुकानदाराला परत देणे किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला देणे हाच मार्ग योग्य.